वहिनीच्या भाचीची मतं

ज्या वस्तूला बटण आहे त्या प्रत्येक वस्तूविषयी ठाम मत असलेली, आणि ते मत कुणी न विचारता देऊन टाकणारी एकच व्यक्ती माझ्या आयुष्यात आली. ती म्हणजे माझ्या वहिनीची भाची. नात्याने पाहिलं तर ती माझी कुणीच लागत नाही. वहिनीच्या बहिणीची मुलगी, कुडाळजवळच्या एका गावातली. तिला माटुंग्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या एम.टेक.ला प्रवेश मिळाला, हॉस्टेलची खोली मिळायला वेळ होता, आणि मी लालबागला दोन खोल्यांत एकटी. शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली बाई म्हणजे नातेवाइकांच्या दृष्टीने एक रिकामी खोलीच असते. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे गं," वहिनी म्हणाली. एक सॅक, एक लॅपटॉप आणि आईने दिलेली कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन मुलगी दारात उभी राहिली. माझ्या भावाची मुलं मला आत्या म्हणतात म्हणून तीही आत्या म्हणू लागली. पुढे हॉस्टेलची खोली मिळाली. ती बघून आली आणि म्हणाली, "आत्या, तिथलं वाय-फाय चांगलं आहे, पण आमटी वाईट आहे. वाय-फायशिवाय माणूस जगू शकतो." सॅक पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली गेली आणि तो विषय संपला.

कॉम्प्युटर शिकणारी मुलगी म्हणजे दिवसभर पडद्याला डोळे लावून बसणार, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात मोडली. तिचा लॅपटॉप बहुतेक वेळा मिटलेला असे, आणि ती जमिनीवर पालथी पडून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर पेन्सिलीने काहीतरी लिहीत असे. प्रोग्रॅम आधी कागदावर चालला पाहिजे, मग मशीनवर, असं तिचं म्हणणं. "मशीनवर लिहिलं की ते चालतंय म्हणून आपण खूश होतो. का चालतंय ते कुणालाच माहीत नसतं." मोबाइलच्या बाबतीत तर तिच्याइतकं मागासलेलं माणूस अख्ख्या लालबागमध्ये नसेल. काच तडकलेली, कव्हरला रबरबँड लावलेलं, आणि कुणी नवा घे म्हटलं की उत्तर ठरलेलं: "फोन लागतो ना? मग झालं." 'क्लाउड'वर फोटो ठेवणाऱ्यांची तिला कीव येई. "क्लाउड म्हणजे काय, तर आपलं सामान दुसऱ्याच्या माळ्यावर टाकायचं आणि त्याने दार उघडलं तर घ्यायचं." सॉफ्टवेअरचं अपडेट म्हणजे तिच्या मते सोसायटीचं रंगकाम. बाहेरून सगळं चकाचक, आणि मग चौथ्या मजल्यावर गळती सुरू. माझे पासवर्ड मी घाबरत घाबरत डाळीच्या डब्याखाली कागदावर लिहून ठेवले होते. ते सापडल्यावर ती ओरडेल असं मला वाटलं, तर तिने माझी पाठ थोपटली. "आत्या, तुमच्या तूरडाळीपर्यंत कुठला हॅकर पोचत नाही," ती म्हणाली.

तिच्या संशोधनाचा विषय मी एकदा हौसेने विचारला. खूप कॉम्प्युटर एकत्र काम करत असले, आणि त्यांतले काही बंद पडलेले, काही चक्क खोटं बोलणारे असले, तर बाकीच्यांनी एकमत कसं करायचं, असा तो विषय होता. मी पोट धरून हसले. कारण घरात तिचं एकमत कुणाशीही होत नसे. माझ्याशी भातात पाणी किती घालावं यावरून, वहिनीशी फोनवर लग्नावरून, आणि आपल्या आईशी तर सगळ्यावरूनच. "आये, मागीर फोन करतंय," म्हणून ती फोन ठेवी आणि मागीर म्हणजे कधी हे त्या माउलीला शेवटपर्यंत कळत नसे. आमच्या इमारतीची सर्वसाधारण सभा तिने एकदा माझ्याबरोबर येऊन पाहिली, भिंतीला टेकून दोन तास मन लावून ऐकली, आणि घरी येताना म्हणाली, "माझा सगळा विषय इथे आहे. सर मला उगाच रिसर्च पेपर वाचायला लावतात."

आमच्या समोर एक आजोबा राहतात, गिरणीतून निवृत्त झालेले. मुलाने त्यांना नवा टीव्ही घेऊन दिला, ज्यात सगळं होतं, फक्त आजोबांना हवं ते चॅनल लागत नव्हतं. ते रिमोट घेऊन आमच्या दारात आले. "मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे आजोबा, केबलवाली नाही," तिने खणखणीत सांगितलं आणि त्यांच्या मागोमाग चालू लागली. जेवायची वेळ झाली तरी परत येईना म्हणून मी बघायला गेले, तर दोघंही जमिनीवर मांडी घालून बसलेली. टीव्ही बंद होता, आणि आजोबा तिला साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, एक धागा तुटला की अख्खा साचा कसा थांबायचा ते हातवारे करून समजावत होते. टीव्ही तिने आल्या आल्या दुरुस्त केला होता. "गिरणीवाले आमच्यापेक्षा हुशार," ती मला म्हणाली. "चूक झाली की मशीन थांबतं. आमचं मशीन चूक करत पुढे जातं."

त्याच आजोबांच्या नातवाने पुढे एक बोलणारा डबा आणला. त्याला सांगितलं की दिवा लागे, गाणं लागे. सगळी इमारत बघून आली. आमची मुलगी बघून आली ती तणतणत. "हातपाय धड असलेल्या माणसाने दिवा लावायला डब्याच्या विनवण्या करायच्या? बोलणारी यंत्रं हा आळशी लोकांनी आळशी लोकांसाठी काढलेला धंदा आहे." त्या संध्याकाळी जेवताना हे मत मी तिच्या तोंडून बऱ्याच वेळा ऐकलं.

त्याच सुमारास माझे डोळे बिघडत होते. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मग ओळीतलं मधलंच अक्षर नाहीसं व्हायला लागलं. शब्दाकडे बघितलं की शब्द जाई, त्याच्या शेजारचा दिसे. समोर उभ्या असलेल्या माणसाचे कान आणि खांदे दिसत, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. परळच्या एका हॉस्पिटलमध्ये एकटी जाऊन तपासून आले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, डॉक्टर म्हणाले. कडेचं दिसत राहील, तुम्ही हिंडाल फिराल, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, पण वाचणं अवघड होत जाईल. डॉक्टर सभ्य होते, त्यांनी 'अवघड' हा शब्द वापरला. मी हॉस्पिटलमधून चालत घरी आले, हात-पाय धुतले, आणि सवयीने पुस्तक उघडून बसले. पान उलटत राहिले. नाहीतर मुलीला शंका आली असती.

शंका तिला आलीच. तिला फ्रिजवर चिठ्ठ्या लावायची सवय होती. 'आज जेवायला नाही', 'दूध आणते', असं पेन्सिलीने लिहून ती पहाटे पळे. आणि आजकाल ती जेवायला नसली तरी मी तिचा भात लावत होते. चिठ्ठीतली अक्षरं जरा मोठी झाली. मग पेन्सिलीच्या जागी पेन आलं. मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात आले, तर फ्रिजचं अख्खं दार कॅलेंडरच्या पानाने झाकलेलं, त्यावर जाड मार्करने वीतभर उंचीची अक्षरं, आणि ती ओट्याला टेकून उभी. मी मान तिरकी करून, कडेच्या नजरेने एकेक अक्षर लावलं. 'आत्या, हे दिसतंय का?'

"दिसतंय," मी म्हटलं. "एवढं मोठ्याने कशाला लिहितेस?"

"कधीपासून?" तिने विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, डॉक्टरांचा तो शब्दही. तिने ऐकून घेतलं, गॅस बारीक केला, आणि म्हणाली, "एकटी गेलीस हॉस्पिटलात? मला सांगायला काय झालं होतं तुला?" त्या दिवसापासून ती मला 'तू' म्हणायला लागली, ती आजपर्यंत. माझ्यासमोर ती रडली नाही. फक्त त्या दिवशी तिने कॉलेज बुडवलं, आणि तिने कॉलेज बुडवल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने माझा फोन ताब्यात घेतला. डोळ्यांनी अधू माणसांसाठी फोनमध्येच एक सोय असते, बोट फिरवाल तिथलं तो वाचून दाखवतो, हे तिला माहीत होतं. पण ती वापरायची कशी हे माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेली गोष्ट दुसऱ्याला शिकवणं तिच्या धर्मात बसत नाही. म्हणून रविवारी सकाळी तिने ओढणी डोळ्यांवर करकचून बांधली आणि जाहीर केलं की संध्याकाळपर्यंत ती सुटणार नाही. त्या दिवशी आमच्या घरात दोन कप फुटले, साखरेऐवजी रव्याचा चहा झाला, आणि तिच्या कपाळाला कपाटाच्या दाराने टेंगूळ आलं. दुपारी समोरचे आजोबा पेपर मागायला आले. दारात एक बाई मान वाकडी करून बघतेय आणि आत एक मुलगी डोळे बांधून भिंत चाचपडतेय, हे बघून ते बराच वेळ उंबऱ्यावर थांबले. "आंधळी कोशिंबीर?" त्यांनी शेवटी विचारलं. "या वयात?"

"अभ्यास आहे," ती भिंतीशी बोलली. आजोबा भिंतीच्या विरुद्ध बाजूला उभे होते.

संध्याकाळी ओढणी सोडून, लाल डोळ्यांनी ती जेवायला बसली आणि म्हणाली, "बोलणाऱ्या यंत्रांविषयीचं माझं मत चुकीचं होतं." इतक्या सरळपणे मत मागे घेणारं माणूस मी शाळेच्या एवढ्या वर्षांत, शिक्षकांच्या खोलीतसुद्धा, पाहिलं नव्हतं. तिने भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं ते सांगितलं आणि पुढचा घास घेतला.

मग आमची शाळा सुरू झाली, आणि या वेळी मी बाकावर होते. दोन बोटांनी सरकवायचं, दोनदा टिचकी मारायची, पुढे, मागे. मी चुकले की ती चिडायची नाही, फोनवर चिडायची. त्यातल्या बाईचं मराठी ऐकून तर तिच्या अंगाचा तिळपापड होई. 'सौ.' आणि 'श्री.' आले की त्या बाईला ठेच लागे. पण खरी गंमत इमारतीच्या ग्रुपवर होती, कारण ती बाई मेसेजमधली चित्रंसुद्धा वाचून दाखवते. सकाळी उठून फोन कानाला लावला की "शुभ सकाळ, गुलाब, गुलाब, गुलाब, गुलाब, उगवता सूर्य, जोडलेले हात." दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वारल्या तेव्हा "भावपूर्ण श्रद्धांजली, रडणारा चेहरा, रडणारा चेहरा, वाढदिवसाचा केक." कुणाचं तरी बोट घसरलं असणार. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उठलो, ती गॅलरीत गेली आणि मी मोरीत, आणि हसू आवरल्यावरच भेटायला गेलो.

यंत्रं सगळीच बोलकी नव्हती. शेगडी, मिक्सर, वॉशिंग मशीन मुकी. त्यांच्यासाठी तिने नाक्यावरून टिकल्यांचं पाकीट आणलं, ती जाड, मखमली जातीची. शेगडीच्या बटणावर बंद कुठे, बारीक कुठे, तिथे टिकली. मशीनवर रोजच्या धुण्याला एक टिकली, जाड कपड्यांना दोन. बोट फिरवलं की कळे. "एम.टेक.मध्ये मी केलेलं हे सगळ्यात चांगलं डिझाइन," ती म्हणे, "आणि याला मार्क नाहीत."

असं चाललं असताना एका रविवारी दादा आणि वहिनी डोंबिवलीहून आले. वहिनीच्या कानावर डोळ्यांचं गेलं होतं. त्यांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. ही जागा भाड्याने द्यायची आणि मी त्यांच्याकडे मागच्या खोलीत राहायचं. दादा प्रेमानेच बोलत होता. वहिनी पाणी प्यायला आत गेली आणि तिथूनच म्हणाली, "अगं, शेगडीची पूजा केलीस की काय? एवढ्या टिकल्या."

भाची ओल्या हातांनी सुरमईचे तुकडे धूत होती. तिने तिथूनच उत्तर दिलं, "मावशी, ते सेन्सर आहेत."

"तू गप्प बस," वहिनी म्हणाली. "तू आज आहेस, उद्या नोकरीला जाशील. मग हिचं काय? गॅस चालू राहिला, जिन्यावरून पाय घसरला, तर कोण आहे बघायला? तिथे आराम तरी मिळेल."

"आराम करून करणार काय ती दिवसभर?"

"आरामच करणार."

"मावशी, मला आत्याची काळजी नाही असं नाही," ती हात पुसत बाहेर आली. आवाज नेहमीचा भांडणाचा नव्हता. "पण तुम्ही दोघांनी मघापासून एकदा तरी तिला विचारलंय का, तिला काय हवंय?"

तिघंही माझ्याकडे बघत असणार. मला मात्र कुणाचाच चेहरा दिसत नव्हता, तिथे नुसते तीन डाग होते. जन्मभर दादाच्या चेहऱ्याकडे बघून मी हो म्हणत आले. त्या दिवशी चेहरा नव्हता म्हणून नाही म्हणणं सोपं गेलं. "दादा, मी इथेच राहते," मी म्हटलं. "जमेनासं झालं की मीच फोन करीन. आणि फोन मला करता येतो." मग मी उठले, टिकल्या चाचपून शेगडी लावली आणि चौघांचा चहा केला. दादाने तो पिऊन कप खाली ठेवला आणि नुसतं म्हणाला, "साखर बरोबर आहे." वहिनी थोडी फुगली, पण जाताना भाचीच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तो हात मी कडेने पाहिला.

राहता राहिली पुस्तकं. फोन पेपर वाचत होता, मेसेज वाचत होता. पण माझ्या कपाटात होत्या त्या जुन्या, पिवळ्या पानांच्या कादंबऱ्या, आईपासूनच्या. त्या कुठल्याच यंत्रात नव्हत्या. मी ते बोलून दाखवलं नव्हतं. ती मात्र एका संध्याकाळी कपाटापुढे बसली आणि पानांचे फोटो काढू लागली. फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर असतं, तो मजकूर मग फोन वाचतो. कागदावर सगळं सोपं होतं. पण जुना छापा पाहून ते सॉफ्टवेअर पार गोंधळलं. त्याला भ आणि म सारखेच, आणि ख म्हणजे र आणि व. नायिका 'रिवडकीत उमी' राहिली. नायकाचा भाऊ तापाने गेला त्या प्रकरणात, जिथे मी दर वेळी रडते, तिथे फोनमधली बाई शांतपणे म्हणाली, "आणि त्याचा माऊ मरण पावला."

म्हणजे प्रत्येक पान हाताने दुरुस्त करणं आलं. कथा-कादंबऱ्यांविषयी तिचं मत असं, की घडलं नाही ते एवढ्या तपशिलात लिहिण्यात माणसाचा काय हेतू असावा हे तिला कळत नाही. तरी ती रोज संध्याकाळी पुस्तक आणि लॅपटॉप घेऊन बसे. तिचं मराठी वाचन मालवणी हेलाचं, आणि जुने शब्द तिला अडत. म्हणून ती मोठ्याने वाचायची आणि मी 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचं, अशी पद्धत पडली. "मी वाचत नाहीये हं," ती बजावे, "मी तपासतेय." तपासता तपासता ती एका जागी थांबली. मला वाटलं शब्द अडला. "अडलं नाही काही," ती म्हणाली. "हिने त्याला पत्राचं उत्तर का नाही दिलं, ते बघतेय." आणि त्या दिवशी ठरल्यापेक्षा पुष्कळ जास्त पानं तपासून झाली. तिच्या स्वतःच्या प्रबंधाची तारीख तोवर अंगावर आली होती. मी म्हटलं, राहू दे आता हे. ती म्हणाली, "सर वाट बघू शकतात. ही बाई कधीची दारात उभी आहे."

प्रबंध झाला, नोकरी लागली, हैदराबादला. जाण्याआधी तिने सगळ्या टिकल्या नव्याने चिकटवल्या, समोरच्या आजोबांना माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि आजोबांवर लक्ष ठेवायला मला. दादर स्टेशनवर मी गेले होते. तिचा चेहरा मला दिसला नाही. खांद्यावरची सॅक दिसली, आणि तिने माझा हात धरून ठेवला तो किती घट्ट ते कळलं. आभार मानायचे म्हणून मी एक वाक्य मनात जुळवून नेलं होतं. मराठीची बाई, म्हणून जरा बरं वाक्य होतं. ते सुरू करताच ती म्हणाली, "आत्या, फोन चार्ज करत जा," आणि गाडी सुटली. ते वाक्य तसंच राहिलं. म्हणून हे सगळं लिहायला बसले, म्हणजे फोनला सांगून लिहवून घ्यायला.

आता ती दर रविवारी दुपारी फोन करते. नोकरीतल्या साहेबांविषयी, तिथल्या ऑफिसच्या दाराविषयी, जे बोटाचा ठसा घेऊनही उघडत नाही, अशी सगळी मतं आधी ऐकावी लागतात. गेल्या रविवारी मी तिला म्हटलं, त्या जाड कादंबरीच्या बाराव्या प्रकरणात कुठेतरी एक शब्द चुकतोय, नीट लागत नाहीये. खरं म्हणजे काही चुकत नव्हतं. फोनमधली बाई ते प्रकरण आता अगदी बिनचूक वाचते.

कुठला शब्द, कुठल्या पानावर, काही तिने विचारलं नाही. "थांब, फाइल उघडते," म्हणाली, आणि प्रकरणाच्या पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागली. तिच्याकडे मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तिने मध्येच उठून गॅस बंद केला आणि परत येऊन तीच ओळ पुन्हा धरली. मी गॅलरीत खुर्ची ओढून डोळे मिटून बसले. प्रकरण संपलं तेव्हा उन्हं उतरली होती.

"मला तर काही चूक दिसली नाही," ती म्हणाली.

"मग मलाच तसं ऐकू आलं असेल."

"असेल. पण एकदा तपासलेलं बरं." मग ती म्हणाली, "पुढच्या रविवारी तेरावं बघू."